दुसरी तक्रार

सुलक्षणा पोलिसांत जायला तयार झाली, तेव्हा सगळ्यात जास्त गडबडली ती वनमालाच.

खरं तर गेलं वर्षभर तीच सुलक्षणाच्या मागे लागली होती. आता नवा कायदा झालाय, नवऱ्यानं छळ केला तर तो गुन्हा धरतात, 'घरगुती मामला आहे' म्हणून पोलिसांना हात झटकता येणार नाहीत. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सुलक्षणा दर वेळी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बघू गं ताई." त्या रविवारी मात्र ती सकाळीच दारात येऊन उभी राहिली. डाव्या कानातून आलेला रक्ताचा ओघळ मानेवर सुकला होता.

"चल," ती म्हणाली. "कुठं न्यायचं तिथं ने."

"आत्ता?"

"मग कधी? तूच सांगत होतीस ना?"

वनमालाच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, पस्तिशीची, लग्न न केलेली. आई कृष्णाबाईबरोबर राहायची. दर शनिवारी घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात बायकांचा गट जमायचा, तिथं ती नेमानं जायची. मोर्चात घोषणा द्यायला तिचा आवाज सगळ्यांत पुढे. पण एका बाईला हाताला धरून पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ तिच्यावर याआधी आली नव्हती.

तिनं खालच्या दुकानातून जयाला फोन लावला. जया गटातली वकील. ती घाटकोपरहून तडक आली. आधी तिघी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेल्या. कानाचा पडदा फाटला होता. मग ठाण्यात.

इन्स्पेक्टरनं पहिल्यांदा नेहमीसारखंच केलं. नवरा-बायकोत होतंच असतं, मुलीचा विचार करा, वगैरे. जयानं शांतपणे कलमाचा नंबर सांगितला. चारशे अठ्ठ्याण्णव अ. त्यानं भुवया वर केल्या.

"हां, ते नवीन आलंय नाही का? बरं. तुमचं म्हणणं, आम्ही त्याला उचलायचा."

"कायद्याप्रमाणे करायचं ते करा," जया म्हणाली.

"मग बघाच तुम्ही," तो हसून म्हणाला. ते हसणं वनमालाला तेव्हा आवडलं होतं.

दुपारी दोन हवालदार चाळीत आले. सुलक्षणाचा नवरा धाकू जेवायला बसला होता. त्याला हात धुऊ दिले नाहीत. टेकडीच्या पायऱ्यांवरून खाली नेताना अख्खी चाळ कठड्याला लागून बघत होती. धाकूला सगळे चांगला माणूस समजायचे. संपात गिरणी गेल्यावर तो मुलुंडच्या एका कारखान्यात मालाची चढउतार करायचा. दारूच्या थेंबाला शिवत नसे. गावकऱ्यांच्या भजनात मृदंग वाजवायचा, चाळीतल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचा. आणि घरात भात मऊ झाला, बायको उलट बोलली, कामावरून यायला तिला उशीर झाला, की पूर्ण शुद्धीत तिला मारायचा. दार लावून.

"बरा झाला," कृष्णाबाई मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कोणतरी धरल्यान एकदाचो."

वनमालालाही अगदी तसंच वाटत होतं. छाती भरून आली होती. इतक्या वर्षांच्या घोषणा, पत्रकं, भांडणं, आणि त्यातून शेवटी हे घडलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. धाकूची मुलगी नीला दाराच्या आडून बघत होती, तिच्याकडे मात्र वनमालाचं लक्ष गेलं नाही. नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी वनमाला कामावरून आली तर सुलक्षणा उंबऱ्यावर बसलेली. हातात रिकामा डबा.

"डबा घेऊन गेले होते त्याला," ती म्हणाली.

"तू? डबा?"

"उपाशी ठेवायचं काय?" सुलक्षणा उजवा कान पुढे करून बोलत होती. डाव्या बाजूनं तिला आता काही कळत नव्हतं. "ताई, त्याचा हात मोडला."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? हवालदारानं. आत घालून मारला. मनगट असं सुजलंय, बोटं हलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, संडासात घसरून पडला." ती थांबली. "आणि मी निघाले तर एक हवालदार मागून आला. हसत होता. म्हणाला, ताई, तुमच्या वतीनं दिला हो त्याला प्रसाद. आता खूश ना?"

वनमालाला पहिल्या क्षणी जे वाटलं ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. बरं झालं, असं वाटलं. कळू दे त्याला. आणि मग लगेच तो हवालदार डोळ्यांसमोर आला, सुलक्षणाच्या मागे हसत येणारा. त्यांचं एक गुपित आहे, त्यात आपणही आहोत, असं काहीतरी त्या हसण्यात होतं.

"मी सांगितलं होतं काय तसं?" सुलक्षणा विचारत होती. "मी म्हटलं होतं, मारायचं थांबवा. थांबवा म्हटलं होतं ना गं मी?"

"हो."

"मग?"

आतून कृष्णाबाई म्हणाली, "तुझ्या कानाचा काय? तेचो हात तरी जुळात."

"मावशी, कान माझा गेलाय. तुमचा नाय," सुलक्षणा म्हणाली आणि उठून गेली.

शनिवारी वनमाला तिला घेऊन घाटकोपरला गेली. वर्गातली बाकं लहान मुलांची, सगळ्या गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. वनमालानं झालं ते सांगितलं. धाकूला तोवर जामीन मिळाला होता. सुलक्षणानं घरात घेतलं नाही म्हणून तो खालच्या चाळीत भावाकडे राहत होता, हात प्लास्टरमध्ये.

"तुला काय हवंय, सुलक्षणा?" जयानं विचारलं. "ते आधी सांग."

"त्यानं माझ्या घरात राहायचं नाही. आणि ज्यानं हात मोडला त्याला कोणीतरी विचारलं पाहिजे. मला दुसरी तक्रार द्यायची आहे."

"पोलिसांविरुद्ध?"

"हो."

मग मीरा बोलली. मीरा अंधेरीहून यायची, कॉलेजात शिकवायची. "ती बरोबर बोलतेय. आपण विसरलो काय? कोठडीत पोरीवर बलात्कार झाला म्हणून याच पोलिसांविरुद्ध आपण रस्त्यावर बसलो होतो. अजून पाच-सहा वर्षं नाही झाली. आणि आता त्यांच्याच हातात दांडा देऊन म्हणतोय, जा, आमच्या वतीनं न्याय करा?"

"आमच्या वतीनं कोण म्हणालं?" जया चिडली. "कायदा वापरायला सांगितला मी. हात मोडायला नाही."

"त्यांना फरक कळतो काय?"

"नाही कळत. मग काय करायचं? बायकांना सांगायचं, पोलीस वाईट आहेत, तुम्ही घरी मार खा? मीरा, तुझ्याकडे दुसरं काय आहे ते सांग. दोन वर्षांत किती बायका स्टोव्हच्या भडक्यानं मेल्या आपल्या भागात? त्या सगळ्यांनी कोणाकडे जायचं होतं?"

"आपल्याकडे. बायकांकडे. राहायला खोली, चार बायका दाराशी. चाळीनं एकजुटीनं त्याला बाहेर काढायचं."

"चाळ!" जया हसली. "चाळ कठड्याला लागून बघत होती. विचार वनमालाला."

सगळ्यांनी वनमालाकडे पाहिलं. तिला जयाचं पटत होतं. आणि मीरा बोलत होती तेव्हा मीराचं पटत होतं. "मला..." ती म्हणाली.

जया सुलक्षणाकडे वळली. आवाज खाली आणला. "हे बघ, तुझी केस या कलमाखालची आपल्या भागातली पहिली. तू पोलिसांविरुद्ध गेलीस तर तपास तेच करणार आहेत, साक्षी तेच गोळा करणार. केस पडेल. आणि उद्या दुसरी बाई गेली तर दारातून हाकलतील. दोन्ही नाही होणार, बाई. एक काहीतरी निवड."

सुलक्षणा मान तिरकी करून ऐकत होती. "का नाही होणार?" तिनं विचारलं. "दोन्ही झालंय ना? त्यानं मला मारलं ते पण झालं. त्यांनी त्याला मारलं ते पण झालं. मी खोटं कुठं सांगतेय?"

सोमवारी वनमालानं रजा टाकली आणि सुलक्षणाबरोबर ठाण्यात गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. एकटीला जाऊ देणं बरं दिसलं नसतं, एवढंच.

इन्स्पेक्टरनं त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. मग ऐकून घेतलं आणि मागे रेलून वनमालाकडे बघत बोलला, सुलक्षणाकडे नाहीच. "मॅडम, तुमचं एकदा काय ते ठरवा. तुम्हीच म्हणालात, मारतो म्हणून धरा. आता म्हणता, धरलं म्हणून धरा. आम्ही काय तुमच्या मंडळाचे नोकर आहोत?"

"धरलं म्हणून नाही. हात मोडला म्हणून."

"घसरला तो. आणि समजा, दोन दिल्या असतील. बाई, तुम्हाला काय वाटतं, असली माणसं तुमच्या पत्रकांनी सुधारतात? तुम्ही घरी जाऊन शांत झोपलात ना त्या रात्री? आमच्यामुळे झोपलात."

वनमालाचे कान गरम झाले. कारण ती खरोखरच शांत झोपली होती.

तक्रार कोणी लिहून घेतली नाही.

आठवडाभरात जयाचं बोलणं खरं झालं. मागच्या गल्लीतली चंपा, कोवळी पोर, पोटुशी, ओठ फुटलेला. वनमाला तिला घेऊन त्याच ठाण्यात गेली. ड्यूटीवरच्या हवालदारानं दोघींना बाहेरच थांबवलं. "नको रे बाबा. तुमच्या मंडळाच्या बाया आधी रडत येतात आणि मग आमच्यावरच उलटतात. माहेरी जा म्हणावं चार दिवस." चंपा माहेरी गेली. चार दिवसांनी नवरा जाऊन घेऊन आला. त्यानंतर ती वनमाला दिसली की दुसऱ्या रस्त्यानं जायची.

वनमालाला सुलक्षणाचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. घरी ती आईवर उगाच खेकसली. नीला पूर्वी गणितं सोडवायला यायची, ती येईनाशी झाली होती. एकदा नळावर वनमालानं तिला हाक मारली तर पोर म्हणाली, "तुम्ही बाबांना पोलिसात दिलंत," आणि कळशी अर्धीच भरून निघून गेली.

एका रविवारी सकाळी धाकूच दारात आला. कृष्णाबाई तांदूळ निवडत होती, तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. हात अजून प्लास्टरमध्ये. कारखान्यातलं काम गेलं होतं, चेहरा उतरला होता.

"आत येवचंय नाय," तो म्हणाला. "एक इचारूचा हा. सुलक्षणा ठाण्यात गेली हुती, माझ्या हातासाठी. खरा काय?"

"खरं आहे," वनमाला म्हणाली.

"तू पण गेललंस?"

"हो."

तो खाली बघत उभा राहिला. "माझो सख्खो भाव इलो नाय ठाण्यात. भजनातलो एक माणूस नाय. भियाले सगळे." मग एकदम म्हणाला, "जनावराक मारीत नाय तसा मारल्यानी, वनमाला. मी काय केललंय तेंचा?"

"तू सुलक्षणाला मारत होतास. वर्षानुवर्षं. तिचा कान गेला."

"तां येगळा."

"कसं वेगळं?"

"ती बायल माझी. ता घरातला." तो अगदी मनापासून बोलत होता, समजावून सांगितल्यासारखं. "पोलीस माझो कोण?"

वनमाला त्याच्याकडे बघत राहिली. त्या प्लास्टरकडे बघून तिला कळवळून येत होतं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून त्याला पायऱ्यांवरून ढकलून द्यावंसं वाटत होतं. "जा तू," ती म्हणाली. तो गेला.

"पाणी तरी इचारूचा हुता," कृष्णाबाई मागून म्हणाली. तीच, जी 'बरा झाला' म्हणाली होती. वनमालानं वळून पाहिलं तर आई तांदूळ निवडायला बसली होती.

केस वर्षभरानं उभी राहिली. सरकारी वकिलानं सुलक्षणाला बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं. वनमालाची साक्ष आधी झाली. धाकूच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही मारताना पाहिलं काय?"

"भिंतीतून ऐकलं."

"पाहिलं काय?"

तिनं जयाकडे बघितलं. जया मागच्या बाकावर ताठ बसली होती. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं वनमालाच्या डोक्यात पाहिल्यासारखंच झालं होतं. पण पाहिलं नव्हतं. दार नेहमी लावलेलं असायचं. "नाही," ती म्हणाली.

मग सुलक्षणा उभी राहिली. सरकारी वकिलाच्या प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. हो, मारलं. हो, यांनीच. कान गेला. मग धाकूचा वकील उठला. त्याला दाखवायचं होतं की केस म्हणजे पोलीस आणि बाया यांचं संगनमत आहे. "पोलिसांनी तुमच्या सांगण्यावरून माझ्या अशिलाला मारलं. बरोबर?"

"पोलिसांनी मारलं," सुलक्षणा म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून नाही. मी ते सांगायला ठाण्यात गेले होते. कोणी लिहून घेतलं नाही. तुम्ही लिहून घेणार काय?"

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेटनं तिला परत सांगायला लावलं, आणि टायपिस्टला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सुलक्षणा त्या यंत्राकडे बघत उभी राहिली, खडखड थांबेपर्यंत.

त्या दिवशी नाही, पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेटनं धाकूला विचारलं, तुला काय म्हणायचंय? वकिलानं त्याला पढवून ठेवलं होतं, सगळं नाकबूल म्हण. धाकू पिंजऱ्याच्या कठड्यावर वाकडा हात ठेवून उभा होता. मनगट जुळलं होतं पण सरळ नाही.

"मारलंय सायबानू," तो म्हणाला.

वकील उठला. धाकूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "तिना माझ्या हाताचा खरा सांगल्यान. मी खोटा कसा सांगू? मारलंय. पण नवऱ्यान बायलेक मारला तर कोर्ट कित्याक व्हया, ता माका अजून कळूक नाय."

त्याला सहा महिन्यांची कैद झाली. निकालात पोलिसांबद्दल एक वाक्य होतं, वरिष्ठांनी चौकशी करावी. ती चौकशी पुढे झाल्याचं कोणी ऐकलं नाही. तो हसणारा हवालदार त्याच ठाण्यात राहिला.

बाहेर व्हरांड्यात जयानं वनमालाला मिठी मारली. "जिंकलो आपण! पहिली केस!" तिचे डोळे भरले होते. मीराही आली होती. ती म्हणाली, "खोटं बोलला असता तर सुटला असता. खरं बोलला म्हणून आत गेला. हे जिंकणं?" जया म्हणाली, "मग सोडायचा होता काय? सांग ना." मीरा म्हणाली, "मला नाही माहीत." वनमालानं तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

सुलक्षणा बाजूला उभी होती. शिपाई धाकूला घेऊन चालले होते. ती पुढे झाली आणि एका शिपायाला म्हणाली, "त्याच्या त्या हाताला ओढू नका." शिपायानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारतोय, ही बाई नक्की कोणाच्या बाजूची?

धाकू सुटल्यावर मुंबईत राहिला नाही. गावाला गेला, आंब्याच्या बागेत राखणीला लागला. खोलीवर भावानं हक्क सांगितला, तेव्हा चाळीतल्या बायका दाराशी येऊन बसल्या, कृष्णाबाई सगळ्यांत पुढे, आणि भाऊ परत गेला. त्या दिवशी मीराचं खरं झालं म्हणायचं. त्याच महिन्यात चंपानं पेटवून घेतलं की तिला पेटवलं, कोणालाच धड कळलं नाही. तेव्हा दाराशी कोणी नव्हतं. पोलीस आले, पंचनामा करून गेले. वनमाला त्यानंतर दोन शनिवार घाटकोपरला गेली नाही.

मे महिन्यात सुलक्षणानं नीलाला बापाकडे पाठवायचं ठरवलं. एस.टी.त बसवून द्यायला वनमालाही गेली. गाडी सुटल्यावर दोघी स्टँडवरच्या बाकावर बसल्या.

"पाठवलं ते चूक केलं काय?" सुलक्षणानं विचारलं. "मावशी बोलत नाहीत माझ्याशी."

वनमाला उत्तर शोधत होती. पूर्वी तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर लगेच तयार असायचं.

"काय म्हणालीस?" सुलक्षणानं तोंड वळवलं. "या बाजूनं बोल."

"काही नाही म्हणाले. मला नाही सांगता येत गं."

"आणि तेव्हा पोलिसांत गेलो ते?"

"तेही नाही सांगता येत. कान गेल्यावर गेलो. आधी गेलो असतो तर..." ती थांबली. "तुला काय वाटतं?"

सुलक्षणानं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "मला रोज वेगळं वाटतं. सकाळी भाकरी थापताना वाटतं, बरं केलं, घरात आवाज नाही. दुपारी कोणाचा वाकडा हात दिसला की..." तिनं वाक्य सोडून दिलं. "पण परत तसं झालं ना, तर मी परत जाईन. ठाण्यात पण जाईन आणि ठाण्याविरुद्ध पण. मला दुसरं काय येत नाही."

त्या उठल्या. फलाटावर रत्नागिरीची गाडी लागत होती, माणसं बोचकी घेऊन धावत होती. सुलक्षणानं वनमालाचा दंड धरला आणि तिला आपल्या उजव्या बाजूला घेतलं. घरी जाईपर्यंत दोघी चण्याच्या डाळीच्या भावाबद्दल आणि नीलाच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या.